अतिथी, ग्राहक आणि यजमान

विजयादशमी ही श्रीसाईबाबांची पुण्यतिथी. भिक्षान्नावर राहून १९१८ साली समाधिस्थ झालेल्या या सत्पुरुषाच्या दर्शनास २०१७ पासून भाविक विमानानेही येतात. यात्रेचे पर्यटन झाले. त्यात गावच्या दुर्बलांचा वाटा कोणता?

आशियातील ख्रिस्ती धर्मचिंतकांनी हाच प्रश्न १९८० साली मनिला येथे विचारला आणि १९८२ साली बँकॉक येथे त्यासाठी संयुक्त संघटना स्थापिली. पर्यटनाची परीक्षा पाहुण्याच्या सुखावरून नव्हे, तर यजमान गावातील दरिद्र्याच्या दृष्टीने करावी, हे त्यांचे सूत्र. येशू ख्रिस्ताने जेरुसलेमच्या मंदिरातील सराफांचा व कबुतरे विकणाऱ्यांचा बाजार उधळला. कबुतर हे गरिबाचे अर्पण. त्यावरील नफेखोरीचा तो निषेध, असा अर्थ ते लावतात.

आमच्या जिल्ह्यात या विचाराची कसोटी फुलांच्या प्रश्नात लागली. करोनाकाळात साईमंदिरात हार-फुले नेणे बंद झाले. विक्रेते भाविकांस लुबाडतात, ही तक्रारही होतीच. बंदी उठली ती २०२४ च्या अखेरीस, उच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर. अपराध नफेखोराचा, दंड मात्र फूल पिकविणाऱ्या शेतकऱ्यास आणि हार गुंफणाऱ्या बाईस!

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही कीर्तनात सांगत आलो. आगाऊ खोली राखून, पैसे मोजून येणारा अतिथी नव्हे, ग्राहक होय. आणि ग्राहकासही धर्म असतो. शिर्डीस जाल तेव्हा हाराचे मोल मळ्यापर्यंत पोहोचते का, एवढे अवश्य विचारावे. तीही बाबांची सेवाच.