संचारबंदीतली चूल

दंगलीच्या बातमीत मृत आणि जखमींचे आकडे येतात. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेला वाद दंगलीपर्यंत गेला. पोलीस गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले, अनेक पोलीसही जखमी झाले आणि संचारबंदी लागली. जून 2023 मध्ये अमळनेरनेही संचारबंदी पाहिली. त्या दिवसांत किती घरांत चूल पेटली नाही, हा आकडा मात्र कुठे छापून येत नाही. माझ्या लेखी तोही आरोग्याचाच आकडा आहे.

धुळ्यातल्या यंत्रमाग कामगाराला विणलेल्या कापडाप्रमाणे मजुरी मिळते. माग बंद, की पैसे बंद. हमाल, रिक्षावाला, केळीची गाडी लावणारा, धुणीभांडी करणारी बाई, सगळ्यांचे तेच. पगारदाराकडे महिन्याचा किराणा भरलेला असतो. या घरांत तेल-डाळ रोजच्या रोज येते. रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते खरे, पण नुसत्या भाकरीवर मूल वाढत नाही.

आधी आईचा घास कमी होतो, मग मुलांचे दूध आणि डाळ. त्यात जुलाब लागले की अशक्त मुलाचे वजन झपाट्याने उतरते. ते भरून यायला आठवडे लागतात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, असे 2019-21 चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. म्हणजे गंगाजळी मुळातच नाही.

मधुमेही रुग्णाची तऱ्हा वेगळी. इन्सुलिन घेतले आणि जेवण मिळाले नाही, तर साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, भोवळ. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. क्षयरोग्याचे डोस चुकले तर औषधाला दाद न देणारा आजार होण्याचा धोका असतो.

संचारबंदी उठली तरी किराणा दुकानदार उधारी द्यायला कचरतो, गिऱ्हाईक दुसऱ्या मोहल्ल्यात जायला बिचकते. सावकाराचे व्याज तेवढे चालू राहते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांत भूक दुसरी, शहरे अकरावी आणि शांतता सोळावी आहे. गरिबाच्या घरात तिन्ही एकाच दिवशी बिघडतात.

प्रशासन दूध-औषधांसाठी दोन तासांची सवलत देते. हातात पैसेच नसतील तर ते दोन तास काय कामाचे? 2020 च्या टाळेबंदीत अंगणवाडीचा आहार घरपोच देता आला, तसा तो संचारबंदीतही देता येईल. गरोदर स्त्रिया, कुपोषित मुले आणि क्षयरुग्ण यांची माहिती आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे असतेच. संचारबंदीच्या आदेशासोबतच या दोघींना पास आणि वॉर्डातल्या रेशन दुकानाला उघडण्याची परवानगी मिळाली पाहिजे.