प्रवासापुरते स्वातंत्र्य

प्रशांत महासागरातील हवाई, ताहिती, सामोआ ही बेटे शाळेच्या भूगोलापलीकडे आपल्या परिचयाची नसतात. फिजीचे नाव तेवढे गिरमिटिया मजुरांच्या करुण कहाणीमुळे आपल्या कानी आलेले असते. या बेटांपैकी अनेकांचे अर्थकारण आज पर्यटनावर चालते आणि त्या धंद्याने अलीकडे एक नवे गिऱ्हाईक हेरले आहे. समलिंगी स्त्रीपुरुषांनी निःसंकोच यावे, जोडीने राहावे, तेथील नृत्योत्सवांत व सांस्कृतिक सोहळ्यांत सामील व्हावे, अशी निमंत्रणे प्रवासी कंपन्या देत असतात. वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावी बसून या विषयावर लिहिणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. कपाशीला भाव नाही, सोयाबीनचा खर्च निघत नाही, आणि हे प्राध्यापक महाशय बेटांवरच्या उत्सवांची चर्चा काय करीत बसले आहेत, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. तो गैर नाही. तथापि या प्रश्नाचे एक टोक रोहण्याच्या परिसरातही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या बेटांविषयी. ख्रिस्ती मिशनरी तेथे पोचण्यापूर्वीपासून हवाई व ताहितीच्या समाजात ‘माहू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, स्त्री व पुरुष यांच्या मधल्या जागी वावरणाऱ्या व्यक्तींना स्थान होते. सामोआत अशांना ‘फाआफाफिने’ म्हणतात. होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर चार मोठ्या शिळा आहेत. ताहितीहून आलेल्या चार माहू वैद्यांचे ते स्मारक होय, अशी परंपरागत श्रद्धा आहे. विसाव्या शतकात या शिळा काही काळ एका करमणूकगृहाच्या इमारतीखाली गाडल्या गेल्या होत्या. पुढे त्या बाहेर काढून मांडण्यात आल्या. परंतु ते वैद्य माहू होते ही गोष्ट तेथील माहितीफलकाने दीर्घकाळ सांगितलीच नाही. प्रवाशांना दगड दाखविला गेला, त्याचा अर्थ मात्र झाकून ठेवला गेला.

कायद्याकडे पाहिले तर विसंगती अधिकच स्पष्ट होते. कुक बेटांवर येणाऱ्या प्रवाशांत न्यूझीलंडच्या लोकांचा भरणा मोठा. न्यूझीलंडने पुरुषांमधील समलिंगी संबंध १९८६ साली गुन्ह्यांच्या यादीतून काढले. कुक बेटांच्या कायद्यात तो गुन्हा २०२३ पर्यंत कायम होता. सामोआने २०१३ च्या फौजदारी कायद्यात पुरुषाने स्त्रीवेश धारण करण्याचा गुन्हा वगळला, परंतु समलिंगी संबंधांचा गुन्हा तसाच ठेवला. फिजीने १९९७ च्या राज्यघटनेत लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली, आणि २०१० मध्ये जुनी फौजदारी कलमेही गेली. पण त्याच देशाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली, समलिंगी जोडप्यांना विवाह करावयाचा असेल तर त्यांनी आइसलँडला जावे, असे सुनावले! परक्या जोडप्याला आमंत्रण आणि घरच्या जोडप्याला परदेशाची वाट, असा हा व्यवहार आहे.

प्रस्तुत लेखकाचे बहुतेक आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. ज्या गोष्टीवर माणसाचा हक्क असावयास हवा ती गोष्ट दुर्मिळ करून ठेवली की तिची किंमत उत्पन्न होते, हा सिद्धांत नवा नाही. पाण्याच्या बाबतीत आपण तो पाहिला, शिक्षणाच्या बाबतीत पाहिला. आपल्या माणसाचा हात धरून निर्भयपणे चालणे ही साधी गोष्ट; ती स्वतःच्या गावी अशक्य झाली म्हणूनच तिचे तिकीट विकले जाते. ज्याच्यापाशी क्रयशक्ती आहे तो आठ दिवसांचे स्वातंत्र्य विकत घेतो. ज्याच्यापाशी नाही, त्याने काय करावे?

आपल्या देशात याहून वेगळे चित्र नाही. भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० साली आपल्यावर लादले. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची धार काढली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. या खटल्यातील अर्जदारांत नर्तक नवतेजसिंग जोहर यांच्यासमवेत नीमराणा हॉटेलांचे अमन नाथ, ललित हॉटेलसमूहाचे केशव सुरी आणि उपाहारगृहे चालविणाऱ्या रितू दालमिया होत्या. त्यांच्या धैर्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केलीच पाहिजे, कारण त्यांनी मिळविलेला निकाल सर्वांसाठी आहे. परंतु ज्यांच्यापाशी प्रतिष्ठा व साधने होती त्यांनाच न्यायालयाच्या दाराशी उभे राहता आले, आणि निकालानंतर या मोकळेपणाची फळेही प्रथम महानगरांतील हॉटेलांतच दिसू लागली, हेही नमूद करणे भाग आहे. पर्यटनावर पोसलेल्या गोव्यात २०१५ साली एका मंत्र्याने समलिंगी तरुणांना ‘नीट’ करण्यासाठी केंद्रे काढण्याची भाषा केली होती. देशभर टीका झाल्यावर त्यांना सारवासारव करावी लागली. प्रवाशाला जे किनारे खुले, ते गोव्याच्या तरुणाला खुले नव्हते!

म्हणून उत्सवांना नावे ठेवावीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांचा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला. ज्या मैदानाशी बेचाळीसच्या लढ्याच्या आणि समाजवादी चळवळीच्या आठवणी जोडलेल्या आहेत, तेच मैदान या मंडळींनी निवडले, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा होता. ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव २०१० पासून मुंबईत भरतो आहे. नागपुरातही सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने असे मोर्चे निघाले. ही विकत घेतलेली सहल नव्हे. ‘आम्ही येथेच आहोत’ असे सांगण्याची ती सार्वजनिक कृती आहे.

नागपूरच्या अशाच एका मोर्चाला आमचा एक माजी विद्यार्थी जाऊन आला. आर्वी तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा. घरी त्याने नोकरीच्या मुलाखतीचे कारण सांगितले होते. मोर्चात तो मुखवटा लावून चालला. पुढे केव्हा तरी भेटावयास आला तेव्हा म्हणाला, “सर, वर्षातून एक दिवस मला खोटं बोलावं लागत नाही. पण त्या एका दिवसासाठी आधी घरी खोटं बोलावंच लागतं.” घरी त्याच्यासाठी मुली पाहणे चालू आहे. लग्न झाले तर एका निरपराध मुलीचेही आयुष्य या असत्यात ओढले जाईल, ही टोचणी त्याला आहे. त्याचे बोलणे ऐकताना आम्हांला आमचा वर्ग आठवला. बायकी बोलतो म्हणून एका मुलाची तेथे वर्षभर कुचेष्टा होत असे आणि आम्ही ती हसण्यावारी नेत असू. विषमतेवर व्याख्याने देणारे प्राध्यापक होतो आम्ही! त्या मुलाने शिक्षण सोडले. त्याची साधी चौकशीही आम्ही केली नाही.

हे पाश्चात्त्यांचे, श्रीमंतांचे चोचले आहेत, असे आपल्यापैकी पुष्कळांना अजूनही वाटते. वस्तुतः पश्चिमेकडून आले ते ३७७ वे कलम. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर लैंगिक प्रश्नोत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आणली. डॉ. लोहियांनी सांगितलेल्या सप्तक्रांतीत खाजगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धची क्रांती ही एक स्वतंत्र क्रांती आहे. शिबिरांतून आपण सातही क्रांत्यांची नावे पाठ म्हणतो. या एका क्रांतीचा अर्थ मात्र फारसा समजावून सांगत नाही.

कायद्याची लढाई संपलेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय संसदेकडे सोपविला. म्हणजे प्रश्न आता राजकीय पक्षांच्या अंगणात आला आहे. वारसा, निवृत्तिवेतन, इस्पितळात आपल्या माणसासाठी सही करण्याचा अधिकार, या रोजच्या जगण्याच्या गोष्टी आहेत. धनिक माणूस मृत्युपत्रे व करारनामे करून त्यांतून वाट काढतो. भूमिहीन मजुराला किंवा एस.टी.च्या वाहकाला ती सोय नाही. त्यांच्यासाठी कायदाच हवा, आणि तो मागणे हे आपल्या पक्षाचे काम आहे.

कायदा होईपर्यंत तालुक्याच्या कार्यकर्त्यालाही करण्याजोगे पुष्कळ आहे. शिबिरात या विषयावर एक तास ठेवावा. गावातील एखाद्या मुलाची वा मुलीची छळवणूक होत असेल तर कुटुंबाशी बोलावयास जावे. पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली तर सोबत जावे. शाळेच्या व वसतिगृहाच्या चालकांना विश्वासात घ्यावे. मुख्य म्हणजे, आपल्या चहाच्या बैठकीत या माणसांवर होणारे विनोद थांबवावेत. याला निधी लागत नाही.

१९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. दर्शनासाठी त्यांनी दुसऱ्या गावी जावे, असे वर्ध्याने त्यांना सांगितले नाही. आपल्याच गावातले दार उघडले. आमच्या त्या विद्यार्थ्याला हवाईला जावयाचे नाही, आणि मुंबईला स्थायिक होण्याचीही त्याची इच्छा नाही. बापाची शेती सांभाळून त्याला आपल्या गावीच राहावयाचे आहे. तेथे त्याला खोटे न बोलता राहता यावे, यासाठी आपण काय करणार, हा आता आपल्यापुढील प्रश्न आहे.