बोलणारा टीव्ही

गेल्या महिन्यात मलकापूरला नणंदेकडे गेले होते. टीव्ही लावला की एक बाई बोलू लागायची. बटण दाबा, ती त्याचे नाव वाचणार. पंधरा दिवस हाच ताप! शेवटी मेकॅनिकने बोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला.

बोर्ड बिलकूल ठीक असतो, भगिनींनो. ही सोय अंध प्रेक्षकांसाठी आहे. पोरांच्या हातून रिमोटवर भलतेच दाबले गेले की सुरू होते. अँड्रॉइड टीव्हीत सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून 'टॉकबॅक' बंद करा. सॅमसंगमध्ये 'व्हॉइस गाइड', एलजीत 'ऑडिओ गाइडन्स' असे नाव असते. सिनेमातच कोणी "नायक दार उघडतो" असे सांगत असेल, तर तो वेगळा मामला. तिथे त्या सिनेमाच्या भाषांच्या यादीत 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' न लिहिलेला आवाज निवडा. (२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी असे वर्णन तयार करायला सांगितले होते.)

मी दोन मिनिटांत बाई गप्प केली. सगळे खूश. सकाळी नणंदेचे सासरे रिमोट घेऊन बसले आणि विचारू लागले, "बेटा, ती बाई कुठे गेली?" अब्बाजींना मोतीबिंदू. पंधरा दिवस ते तिच्या आवाजावर स्वतःच चॅनल लावत होते, कुणाला हाक न मारता.

आता सकाळी ती बोलते. इशानंतर सून बंद करते.