बिस्किटापुढचं काम

बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी सुटली की रस्त्यावर तीन गोष्टी हमखास भेटतात : केमिकलचा वास, घरी पोहोचायची घाई झालेल्या मोटारसायकली आणि त्यांच्यामागे धावणारी कुत्री. याच कामगारांपैकी कितीतरी जण पाळीला जाताना टपरीवर चहा घेतात आणि ग्लुकोजच्या पुड्यातली दोन बिस्किटं पायाशी बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतात. जाताना बिस्किट, येताना शिव्या. बोईसरचं आणि कुत्र्यांचं नातं सध्या असं आहे.

खायला घालणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. सोसायटीतल्या काकू भाताची पिशवी घेऊन ठरल्या वेळी खाली उतरतात. चाळीत एकटे राहणारे परप्रांतीय कामगार उरलेली पोळी टाकून देत नाहीत. सातपाटीच्या बंदरावर तर मासळी निवडतानाच कुत्र्यांचा वाटा बाजूला पडतो. पावसाळ्यात पिल्लांना खरूज लागली की वर्गणी काढून औषध आणणारी मुलंही आहेत. मात्र दर महिन्याला कुठल्या तरी सोसायटीत तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ‘तुम्ही घालता म्हणून ही वाढली.’ दुसरी म्हणते, ‘मग काय उपाशी मारायची?’

दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतात, असं माझं मत आहे. काकूंच्या भातावर बोईसरची कुत्री जगत नाहीत. ती जगतात चिकनच्या दुकानामागच्या पिशव्यांवर, हॉटेलांच्या खरकट्यावर आणि नवापूर रस्त्याच्या कडेला न उचललेल्या ढिगांवर. काकूंनी भात बंद केला तर कुत्री कमी होणार नाहीत, फक्त माणसाळलेली होती ती बुजरी होतील. मग त्यांना लस द्यायला धरणार कोण? पण भात घातला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कुत्री साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनदा पिल्लं देऊ शकते. त्यातली बरीच पिल्लं गाडीखाली, उपासमारीने, आजाराने मरतात. नसबंदी टाळून केलेल्या दयेचा हिशोब ही पिल्लं चुकता करतात.

आता अडचण कागदावरची. बोईसर हे दिसायला शहर आहे, पण कारभाराला ग्रामपंचायत. शेजारी सरावली, सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या वेगळ्या ग्रामपंचायती, आणि मध्ये एमआयडीसीचं स्वतंत्र राज्य. पालघरला निदान नगरपरिषद आहे. पालघर जिल्ह्यात महापालिका एकच, वसई-विरारची. बोईसरच्या ग्रामसेवकाकडे कुत्र्यांची तक्रार नेली तर तो तरी काय करणार? त्याच्याकडे ना पशुवैद्य, ना गाडी, ना पिंजरे. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण त्यांची घडण गाई-म्हशी आणि शेळ्या-कोंबड्यांसाठी झाली आहे.

नियम मात्र ग्रामपंचायतीला सूट देत नाहीत. केंद्राने मार्च 2023 मध्ये काढलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. काम करणारी संस्था भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेली हवी. शस्त्रक्रियेनंतर कानाला खूण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. खायला घालण्यावर याच नियमांत वेगळं कलम आहे : जागा ठरवून द्यायची, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्या-दारांपासून दूर असावी, वेळही ठरलेली असावी. सोसायटीच्या सभेत घसा कोरडा करण्याआधी अध्यक्ष आणि काकू या दोघांनी हे कलम एकदा वाचावं.

त्यात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवा, असं दोन न्यायमूर्तींनी सांगितलं. 22 ऑगस्टला तिघांच्या पीठाने ते बदललं : नसबंदी, लस आणि जंतनाशक देऊन कुत्री परत त्याच भागात सोडा, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका. 7 नोव्हेंबरला पुन्हा नवा आदेश आला : शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत आणू नका. बोईसरचं एसटी आगार आणि रेल्वे स्थानक डोळ्यांपुढे आणा. तिथली कुत्री हलवायची म्हणजे न्यायची कुठे? निवारा नसला तर टेम्पोत घालून चिल्हारच्या रानाकडे सोडली जातील. तिथल्या पाड्यांवर ती उपाशी, बिथरलेली पोहोचतील, आणि आदेश पाळल्याचा अहवाल वर जाईल.

मारून टाकण्याचा उपाय सुचवणारेही भेटतात. त्यांना मुंबईचा इतिहास सांगावा लागतो. 1832 मध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्र्यांमागे आठ आण्यांचं बक्षीस लावलं. बक्षिसासाठी शिपाई घरापुढची कुत्रीही मारू लागले, तेव्हा मुंबईच्या कोटात पारशांनी दंगल केली आणि शहर बंद पाडलं. पारशी धर्मात मृताला कुत्र्याची नजर देण्याचा विधी आहे, त्यामुळे हे दुखणं जिव्हारी लागलेलं होतं. पुढेही मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत कुत्री मारली जात होती. कुत्री संपली नाहीत, आणि शेवटी शहर नसबंदीवरच आलं.

गोव्याने वेगळं केलं. तिथे सरकारने मिशन रेबीज या संस्थेला बरोबर घेऊन दर वर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना कुत्रा चावला तर काय करायचं ते शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर कुत्रा चावला की लसीच्या चार-पाच फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला दिवसाची मजुरी बुडते. मग माणूस दुसरी सुई घेऊन थांबतो. रेबीजची लक्षणं दिसल्यावर बहुधा कोणी वाचत नाही. (जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची लावायची नाही. हे पाठ करून ठेवा.)

पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर आपल्या नाकासमोर, खरं तर नाकातच आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कुठल्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिथे प्राणिकल्याण हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. तारापुरात या मर्यादेत बसणाऱ्या कंपन्या आहेत. 1969 पासून इथे वीज बनवणारं अणुऊर्जा केंद्र चालवणारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनही याच कायद्याखाली येते. शाळांना दप्तरं आणि वृक्षारोपणाचे फोटो खूप झाले. बोईसर आणि शेजारच्या ग्रामपंचायतींना मिळून एक नसबंदी केंद्र, एक गाडी आणि एक पूर्णवेळ पशुवैद्य, एवढं या औद्योगिक पट्ट्याला जड नाही. एकट्या बोईसरने करून मात्र भागणार नाही. रस्त्याच्या अलीकडे नसबंदी आणि पलीकडे सरावलीत काहीच नाही, असं झालं तर दोन वर्षांत पुन्हा तेच. म्हणून जिल्हा परिषदेने पुढे व्हायला हवं.

आणि केंद्र झालं तर कुत्री धरायला लागतील त्या काकूच. कुठली कुत्री गाभण आहे, कुठला कुत्रा नवा आला, कोण चावरा आहे, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही कार्यालयाला नसतं. त्यांच्या हातून खाणारं कुत्रं जाळं न टाकता गाडीत चढतं. डहाणूत जखमी समुद्री कासवांना वनखात्याच्या केंद्रापर्यंत पोहोचवतात ते गावातलेच स्वयंसेवक. लोक आणि खातं एकत्र काम करू शकतात, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. तोवर सोसायट्यांनी एमआयडीसी रस्त्यालगतच्या कुत्र्यांच्या गळ्यात चमकणारे पट्टे तरी बांधावेत. रात्रपाळीवाल्याचा जीवही त्याने वाचेल.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना आपण सुट्टी म्हणून दांडी मारतो. पुढच्या ग्रामसभेला जा. ‘जिल्हा परिषदेने परिसरातील ग्रामपंचायती आणि तारापूरच्या कंपन्या यांची बैठक बोलावून प्राणी जन्म नियंत्रण केंद्र उभारावे’ असा एका ओळीचा ठराव मांडा, कुत्र्यांना खायला घालणारा आणि त्यांना हाकलणारा अशा दोन्ही शेजाऱ्यांना अनुमोदनासाठी बरोबर न्या, आणि ठराव इतिवृत्तात उतरला आहे हे पाहिल्याशिवाय उठू नका.