आधी कुलूप, मग घर

अमेरिकेत शिकताना मी ज्या फ्रॅटर्निटीत होतो, तिच्या नव्या घरासाठी वर्गणीचं पत्र आलंय. मोठा हॉल, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या... रॅगिंगबद्दल मात्र अवाक्षर नाही!

२०१७ साली पेन स्टेटमध्ये बीटा थीटा पायच्या घरात १९ वर्षांच्या टिमोथी पियाझाला दारू पाजली गेली. तो जिन्यावरून कोसळला. 'भाऊ' म्हणवणाऱ्यांनी मदत बोलावली जवळपास १२ तासांनी. तो गेला. घर छान होतं, कॅमेरेही होते, कागदोपत्री दारूबंदीसुद्धा!

अशी घरं बहुधा माजी सभासदांच्याच संस्थेच्या मालकीची असतात. म्हणजे किल्ली आपल्या हातात. रॅगिंग सिद्ध झालं की घराला कुलूप, हे आधी करारात लिहा. तोवर माझ्याकडून एक डॉलरही नाही. तुम्हीही देऊ नका.