ब्रह्मपुत्रेचे आकडे कुलपातच

तिबेटमधील यिगोंग नदीच्या पात्रात ९ एप्रिल २००० रोजी डोंगराचा प्रचंड कडा कोसळला आणि प्रवाह अडून तेथे सरोवर तयार झाले. दोन महिने ते भरत राहिले. १० जूनला हा बांध फुटला आणि पाण्याचा लोंढा अरुणाचल प्रदेशातील सियांगच्या खोऱ्यात शिरला. सुमारे ३० जणांचा बळी गेला, पूल वाहून गेले. सरोवराची चीनला कल्पना होती. पाणी सोडण्यासाठी चर खोदण्याचे कामही झाले होते. सीमेपलीकडच्या गावांपर्यंत मात्र इशारा पोहोचला नाही.

या घटनेनंतर २००२ मध्ये उभय देशांत सामंजस्य करार झाला. तिबेटमधील नुगेशा, यांगचुन आणि नुक्सिया या तीन केंद्रांवरील पाणीपातळी, प्रवाह व पावसाची माहिती पावसाळ्यात भारताला देण्याचे त्यात ठरले. ती फुकट नव्हती. भारत त्यासाठी पैसे मोजत असे. तरीही २०१७ मध्ये, डोकलामचा पेच चिघळलेला असताना, १५ मेपासून ती आलीच नाही. केंद्रांच्या दुरुस्तीचे कारण चीनने पुढे केले. पुढच्या वर्षी आकडे पुन्हा येऊ लागले, पण २०२३ मध्ये कराराची मुदत संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनने आणीबाणीच्या प्रसंगी मानवतेच्या भूमिकेतून माहिती देण्याचे मान्य केले. त्याच्या महिनाभर आधीच मेडोग येथील महाकाय जलविद्युत प्रकल्पाच्या कामाला त्याने प्रारंभ केला होता.

आणीबाणी कोणती, हे अर्थातच देणारा ठरवणार. पण अडचण केवळ राजनैतिक नाही. पुराचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपे एखाद्या भीषण दिवसाच्या आकड्यावर चालत नाहीत. पाऊस किती पडला म्हणजे पाणी किती तासांनी किती चढते, हे त्यांना अनेक वर्षांच्या सलग, नीरस वाटणाऱ्या नोंदींतूनच शिकावे लागते.

उपग्रहांनी ही कोंडी काही अंशी फोडली आहे. अमेरिका व फ्रान्स यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला ‘स्वॉट’ हा उपग्रह १०० मीटरहून रुंद नद्यांच्या पाण्याची उंची व उतार मोजतो आणि त्याचे आकडे जगाला खुले आहेत. परंतु त्याच्या प्रदक्षिणांचे चक्र २१ दिवसांचे. पुराचा लोंढा तोवर समुद्राला मिळालेला असतो. शिवाय पात्राची खोली त्याला दिसत नाही. प्रवाह किती, हे नेमके काढायचे तर जमिनीवरची मोजणी हवीच.

ती मोजणी भारताकडे आहे. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचा मोठा भाग भारतीय हद्दीतील पावसातूनच येतो आणि केंद्रीय जल आयोगाची केंद्रे त्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवत आली आहेत. मात्र सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील या नोंदी २०१८ च्या माहिती धोरणानेही गोपनीय वर्गातच ठेवल्या. पूरकाळातील पातळी आयोग रोज जाहीर करतो, हे खरे. प्रवाहाच्या जुन्या नोंदी हव्या असतील तर अर्ज, गोपनीयतेचे हमीपत्र आणि समितीची छाननी. शेजाऱ्याशी वाटाघाटी करताना आपले पत्ते उघडे करू नयेत, हा यामागचा विचार समजण्यासारखा आहे. त्याची किंमत मात्र पूररेषेत राहणारा आसामी शेतकरी मोजतो.

दक्षिणेतील खोऱ्यांना हे बंधन नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरची पातळी आणि अलमट्टीचा साठा यांचा संबंध काय, यावर सरकारबाहेरच्या अभ्यासकांनाही आकडे हाती घेऊन भांडता आले. वाद मिटला नाही. पण तो आकड्यांवर झाला.

गुवाहाटीतील संशोधकाला आज परक्या उपग्रहाने मोजलेली सियांगची उंची घरबसल्या मिळते. पासीघाटला मोजलेल्या प्रवाहाच्या नोंदींसाठी त्याला दिल्लीच्या होकाराची वाट पाहावी लागते.