साबुदाण्याच्या कंदांतील साखरेची वाट

एकादशीच्या फराळाचा साबुदाणा बहुतांशीं तमिळनाडूंतील सेलमच्या बाजूनें येतो व तो कसाव्याच्या कंदांतील सत्त्वापासून होतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. कंद जमिनींत वाढतो खरा. पण त्यांत भरणारें सत्त्व पानांत तयार झालेल्या साखरेचेंच असतें. ही साखर खालीं कशी उतरते याचा शास्त्रज्ञ कसून शोध घेत आहेत. त्या शोधाचा उपयोग कोणत्या दिशेनें व्हावा, याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पेशीच्या आवरणांतून साखर सहजासहजीं जात नाहीं; तिच्यासाठीं प्रथिनांचीं दारें असतात. ‘सूट’ वर्गाचीं दारें मोटेप्रमाणें शक्ति खर्चून साखर ओढून घेतात. ‘स्वीट’ वर्गाचीं दारें २०१० सालीं उजेडांत आलीं. तीं नुसती वाट देतात, आणि पाटाचें पाणी उताराकडे वाहावें तशी साखर जिकडे कमी तिकडे जाते. कोणतें दार कोठें व केव्हां घडावें, हें त्याच्या जनुकाच्या आरंभीं असलेला नियंत्रक भाग ठरवितो. मात्र कसाव्याचें मूळ फुगूं लागलें म्हणजे साखर मुख्यतः दारांतून न येतां पेशीपेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून आंत उतरते, असें २०१९ सालीं दिसून आलें. तेव्हां दारें वाढविलीं कीं कंद वाढला, असा हिशेब मांडणाऱ्यांनीं जरा थांबावें.

दाराला चोराचेंही भय आहे. कसाव्यावरील करप्याचे जंतु आपलें एक प्रथिन पेशींत सोडतात. तें एका ‘स्वीट’ जनुकाच्या नियंत्रक भागावर जाऊन बसतें व नको तेथें दार उघडवितें. हें २०१४ सालीं सिद्ध झालें. १९७० नंतरच्या दशकांत झैरेमध्यें याच रोगानें लोकांच्या तोंडचें अन्न काढून घेतलें होतें. मग दारच काढून टाकावें काय? भातावरील करप्याचे जंतु हीच युक्ति करितात. पण तेथें एक दार समूळ काढल्यास दाणा नीट भरत नाहीं. म्हणून २०१९ सालीं भातांत चोराची किल्ली जेथें बसते तेवढीच जागा बदलण्यांत आली. कसाव्यांत २०२३ सालीं त्या जागेवर रासायनिक खूण करून किल्ली अडविली गेली, आणि रोगाचीं लक्षणें कमी झालीं. आमच्या मतें हाच मार्ग योग्य होय.

अडचण पुढेंच आहे. परकीय जनुक न उरलेल्या संपादित वाणांना सरकारनें २०२२ सालीं कांहीं नियमांतून मोकळीक दिली. भाताच्या पुढच्या पिढींत हत्यार म्हणून घातलेलें परकीय जनुक निवडून काढतां येतें. कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्यांनीं होते. बियांपासून केलेलें झाड आईसारखें निपजत नाहीं. म्हणजे हत्यार काढावें तर वाण जातो, वाण राखावा तर हत्यार राहतें! १९६३ पासून तिरुवनंतपुरम् येथें कंदपिकांची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. अशा संस्थांनीं दारांची मोजदाद करण्याआधीं ही गांठ सोडवावी, आणि त्यासाठीं त्यांना पैसा मिळावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंपर्यंत करपा कांड्यांबरोबरच नव्या शेतांत शिरणार. आपल्याकडे जास्त नुकसान करणारा मोझॅकही त्याच वाटेनें येतो, आणि त्यावर साखरेच्या दारांचा इलाज नाहीं. म्हणून ज्यांना हें पीक करावयाचें असेल त्यांनीं झाडें उभीं असतांनाच निरोगी झाडांवर खूण करून ठेवावी व कांड्या त्यांच्याच घ्याव्यात.